दोन मुठी मीठ

नवेगाव बांधच्या तळ्यातला मासा गोंदियाच्या बाजारात चार वाजेपर्यंत ताजा ठेवायचा, तर बर्फात दोन मुठी मीठ टाकावं लागतं; मिठानं बर्फ आणखी गार होतो. खुशाल तीस वर्षं तेच करत आला होता. म्हणून काल नागपूरहून बायकोचं, रुख्माचं, कॅन्सरचं औषध आणल्यावर त्यानं घरच्या फ्रिजवर भरोसा ठेवला नाही. लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. धुतलेल्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ, मीठ आणि मधोमध ती कुपी.

आज सकाळी सौंदड स्टेशनावर दोघं गोंदियाच्या गाडीत बसल्यावर त्यानं पेटी उघडून पाहिली. कुपीतल्या लाल औषधाचा दगड झाला होता.

कुपी देताना नागपूरच्या औषधवाल्यानं नीट समजावलं होतं. औषध चरबीच्या पिशव्यांत भरलेलं आहे, एका केसाच्या जाडीत आठशे मावतील इतक्या बारीक. त्या गाठीपाशी साचतात आणि तिथंच औषध सोडतात. आधी दिलेल्या साध्या, बिनपिशवीच्या औषधानं गाठीबरोबर रुख्माचं हृदयही पोखरलं होतं. दोन पायऱ्यांत तिला धाप लागायची. "थंड ठेवा, पण गोठू देऊ नका," तो म्हणाला होता. खुशालच्या डोक्यात थंड तेवढं राहिलं. त्याचा आयुष्यभराचा वैरी ऊन होता.

रुख्मा खिडकीला टेकून झोपली होती. त्यानं कुपी काखेत धरली. गोंदिया येईस्तोवर औषध पुन्हा पातळ झालं; कुपी अजून गारच होती, आणि औषध दिसायला अगदी कालच्यासारखं होतं.

दवाखान्याच्या वॉर्डात अंजू सिस्टरनं कुपी उजेडात धरली. "छान थंड आणली, काका."

खुशालनं नुसती मान हलवली. दुसरी कुपी यायला पंधरा दिवस लागणार होते. रुख्माच्या पोटात पाणी भरत होतं, आणि डॉक्टर परवाच म्हणाले होते की आता थांबायला वेळ नाही. एखादेवेळी गोठून पिशव्या फुटल्याही नसतील. पण गोठून सुटलेला मासा त्यानं हजारदा हातात धरला होता. वरून तसाच दिसतो. दाबला की पाणी सोडतो, आतलं सगळं सैल झालेलं असतं.

रुख्माच्या हाताला सलाईनची सुई लावलेली होती. "माह्या दवाईले मासोळीचा वास येऊन राहिला," ती सिस्टरला म्हणाली. "ह्या मानसानं मलेही पेटीत भरून आनलं असतं."

सिस्टर हसली. तिनं कुपीचं झाकण काढलं, सिरिंज उचलली.

"थांबा, सिस्टर." खुशाल पुढं झाला. "गोठली होती. मी पाह्यलं."

सिस्टरनं सिरिंज खाली ठेवली आणि ती नागपूरला फोन करायला बाहेर गेली.

रुख्मा नवऱ्याकडे पाहत राहिली. बाजारात मासे विकायला तीच बसायची, वीस वर्षं.

"मीठ टाकलं होतं?"

"हो."

"किती?"

"दोन मुठी."

"मंग गोठनच." ती म्हणाली, "गाडीत काऊन नाई सांगतलं?"

"वाटलं, वितळली का होईल बराबर."

सिस्टर परत आली. "पंधरा दिवस, काकू. त्याच्या आधी मिळत नाही." ती सुई काढायला वाकली.

रुख्मानं दुसरा हात सुईवर ठेवला. "राहू दे ना बाई. आली का मंग लावून देजो."

"तीन-चार दिवसांच्या वर ठेवता येत नाही, काकू. हात सुजतो."

"मंग तीन दिवस त राहू दे."

खुशाल खाली बसला. त्यानं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. उन्हं चांगली वर आली होती, तरी बर्फ अर्ध्याहून जास्त शाबूत होता.