टोपीखालचा डाग

माझा एक नियम होता आणि विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाच्या गळी मी तो उतरवत असे: जे हलतं ते ताऱ्याचं, जे हलत नाही ते यंत्राचं.

सूर्यासारख्या, पण वयाने लहान ताऱ्यांवरच्या काळ्या डागांचे नकाशे करणं हे माझं काम. दुर्बिणीतून तारा म्हणजे नुसता ठिपका, त्यावर डाग कुठले दिसायला. पण त्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवला की त्यात गडद रेषा दिसतात. तारा फिरताना डाग एका कडेने येऊन दुसरीकडे गेला, की रेषेतला एक बारीकसा उंचवटाही तसाच सरकतो. त्या सरकण्यावरून डागाचा पत्ता काढायचा. सगळ्या नोंदींत जे जागचं हलत नाही, ते यंत्राचा दोष समजून मी वजा करून टाकायची.

त्या सोमवारी मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, माझा नकाशा माझ्यापुढे ठेवला.

"तुझ्या डागांमुळे तारा दोन टक्के मंद व्हायला हवा. सात वर्षांपूर्वीपेक्षा तो दहा टक्के मंद झालाय. बाकीचे आठ कुठे गेले?"

"उजेड मोजणाऱ्यांनी घोळ घातला असेल."

"आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत सांग. नाहीतर नकाशा मागे घेऊ, आणि दुर्बिणीचा उरलेला वेळ शेजारच्या गटाला देऊ."

तीन वर्षं त्या एका ताऱ्यामागे घालवली होती. रडू येत होतं, म्हणून मी चिडले. मला ते सोपं जातं. त्यात बाबांचा फोन. केस कापायला नेते म्हणून कबूल केलं होतं, गुडघ्यामुळे त्यांना एकट्याला जिना उतरवत नाही. धुसफुसत गेले.

बाबांची टोपी हा आमच्या घरातला नाजूक विषय. टक्कल पडायला लागल्यापासून ती घरातही उतरत नाही. सलूनच्या खुर्चीत मात्र इलाज नव्हता. सलूनवाले काका खुर्ची फिरवत कात्री चालवत होते आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. खुर्ची फिरली, बाबांच्या गालावरचा तीळ दिसला. आणखी फिरली, तीळ गेला. पुन्हा आला. टक्कल मात्र जिथल्या तिथे.

"काका, अजून एकदा फिरवा."

"झाले की केस."

"फिरवा ना."

"काय बघतेस गं?" बाबा आरशातून कावले.

"बाबा, तुमचं टक्कल हलत नाही."

"कुठे जाणार आहे ते?"

डोक्याच्या मधोमध असलेलं टक्कल खुर्ची कितीही फिरवली तरी समोरच राहणार. ताऱ्याच्या ध्रुवावर डाग असेल, तर त्याची खूणही रेषेच्या मध्यावर ठाण मांडून बसणार, आणि मी शहाणी ती यंत्राची म्हणून पुसून टाकणार. तीन वर्षं मी नेमकं हेच करत होते.

बाबांना घरी सोडायला वेळ नव्हता, म्हणून सोबतच ऑफिसात नेलं. त्याच यंत्रावरची एका शांत, बिनडागाच्या ताऱ्याची नोंद काढून पाहिली. त्यात तो मधला उंचवटा नव्हता, म्हणजे यंत्र बिचारं निर्दोष होतं. वजाबाकी काढून टाकली आणि गणित पुन्हा लावलं. चाळीस मिनिटांनी नकाशा आला. ध्रुवावर ऐसपैस काळा डाग.

"सापडले की आठ टक्के," मॅडम म्हणाल्या. "होते कुठे?"

"तिथेच होते. मीच पुसत होते. माझी चूक."

त्या खोलीत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "दुर्बीण तुझ्याकडेच राहील," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला इतका आनंद झाला की भांडायला काही सुचेना.

बाबा टोपी काढून संगणकाच्या पडद्याशी वाकले होते.

"वय काय याचं?"

"तीन कोटी वर्षं. त्यांच्यात हे अगदी पोरवय."

"आणि आत्ताच एवढं?"

"हो. आणि तेवढं लपवलं ना बाबा, तर सगळं गणितच चुकतं."

मग त्यांचा हात धरून मी जिना उतरायला लागले. चार पायऱ्या उतरल्यावर आठवलं, टोपी टेबलावरच राहिली. मी आणायला वळले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "काही घाई नाही."