एकाच दंडावरचा पट्टा

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीत पाऱ्याची नळी, कापडी पट्टा आणि रबरी फुगा सांभाळत बसलेले मी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. वय विचारू नका. माझ्यावरचे आकडेसुद्धा आता पुसट झाले आहेत. एका पुस्तकबांधणी कारागिराच्या घरी माझी उमेदीची वर्षे गेली. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत.

काकांचे थोरले भाऊ कागद कापता कापता छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून काकांनी आपल्या हृदयाची धास्तीच घेतली. जरा धडधडले की मला बाहेर काढायचे आणि दंडाला पट्टा बांधायचा. फुगा दाबायला आणि कानाला नळ्या लावून ठोके ऐकायला काकू. दिवसातून सात-आठ वेळा तरी हे चाले. आपण फार महत्त्वाचे आहोत असे मलाही वाटे, खोटे कशाला बोलू?

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघाले. त्यांनी काकांना शांतपणे समजावले, “भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं आणि हृदय पळायला लागतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, ते लवकर ओसरत नाही. तुम्ही त्या धडधडीलाच घाबरता, म्हणून ती पुन्हा येते. मोजणं कमी करा, रोज चाला.” काकांनी मान डोलावली आणि घरी येताच पट्टा बांधून घेतला. पारा चढला. तो नुसत्या भीतीने चढला होता, पण मला कुठे बोलता येते?

काकांनी जिने चढणे सोडले, कागदाचे गठ्ठे उचलणे सोडले. ते गठ्ठे काकू उचलू लागल्या आणि मध्येच बसून दम खाऊ लागल्या. एकदा लेक म्हणाली, “आई, तूही बांधून बघ ना पट्टा.”

“यांचं होऊ दे, मग बघू,” काकू म्हणाल्या. ते राहूनच गेले.

एका सकाळी काकू गठ्ठा उचलतानाच कोसळल्या. लेकीने त्यांना दवाखान्यात नेले. मागोमाग काका निघाले, सवयीने मला काखोटीला मारून. लिफ्ट बंद होती. काका चार मजले धावत चढले. हृदय धडधडले असणारच, पण त्यांनी एकदाही छातीवर हात ठेवला नाही. वर काकू निपचित पडल्या होत्या, लेक रडत होती. नर्स बाजूला झाली. काकांनी पहिल्यांदाच माझा पट्टा काकूंच्या बारीक दंडाला बांधला, नळ्या कानाला लावल्या, फुगा दाबला. पारा वर गेला आणि सावकाश खाली आला. ठोका कुठेच लागला नाही.

त्यानंतर काका लेकीला एवढेच म्हणाले, “माझं काहीच बिघडलं नव्हतं गं.” मला त्यांनी पुन्हा कधी उघडले नाही.

मित्रांनो, ज्याला भीती वाटते त्याला हसू नका. भीतीसुद्धा अंगाला खरीच जाणवते. पण त्याच्या उशाशी बसून जी माणसे त्याला सांभाळतात, त्यांनाही कधी विचारा, तुम्हाला बरे वाटते ना? आणि ती हो म्हणाली, तरी त्यांचे मोजून बघा.