माझ्या गळ्यातली कणीक

मित्रांनो, मी एक जुना भबका आहे. भबका म्हणजे काय, असे तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे, कारण हल्ली मोठी माणसेही विचारतात. अर्क काढायचे तांब्याचे भांडे म्हणजे भबका. खाली माझे गोल गरगरीत पोट, त्यावर घुमटासारखा टोप आणि टोपातून निघून थंड पाण्याच्या पिंपात उतरणारी लांब, वाकडी नळी. पोटात पाणी आणि फुले-पाने-साली घालायच्या, खाली मंद आच ठेवायची. वाफ वर चढते, नळीत गार होते आणि अर्क होऊन थेंब थेंब बाहेर येते. दिसायला सोपे, पण करायला बसलात तर घाम फुटेल.

हल्ली माझ्या पोटात जिन नावाची दारू तयार होते. ती मोठ्यांची बाब आहे, तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. तुमच्यासाठी माझी हकिकत पुरे आहे.

माझा जन्म जुन्या बंदरामागच्या गल्लीत, एका तांबटाच्या दुकानात झाला. तो अबोल होता, पण त्याची हातोडी दिवसभर बोलायची. महिनाभर त्याने मला ठोकून ठोकून आकार दिला. शेवटी माझ्या गळ्याशी, म्हणजे पोट आणि टोप जिथे भेटतात तिथे, त्याने बोटभर रुंद खाच पाडली. ही खाच नीट लक्षात ठेवा. माझा जीव पुढे तिनेच वाचवला.

मला विकत घेतले धक्क्यावरच्या अर्कवाल्याने. बोटीवरची माणसे पोटाच्या आणि डोक्याच्या तक्रारी घेऊन त्याच्याकडे येत. तो पुदिन्याचा, बडीशेपेचा, संत्र्याच्या सालीचा अर्क काढून देई. रोज सकाळी त्याची बायको ताटलीत कणकेचा गोळा घेऊन वखारीत येई. टोप बसवला की अर्कवाला त्या कणकेची लांब वळी करून माझ्या गळ्यातल्या खाचेत दाबून बसवी. आच लागली की कणीक वाळून घट्ट होई आणि वाफेला बाहेर पडायला सुईएवढी फट राहत नसे. संध्याकाळी तो ती खरवडून काढी, मला धुई आणि पुसून पालथा घाली. चाळीस वर्षांत एकदाही त्याने मला ओला ठेवला नाही. बोटीवरचे कप्तान माझ्या पोटावर थाप मारून म्हणत, "काय भांडं आहे!" आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग अर्कवाला गेला. त्याच्या मागोमाग बंदरही गेले. मोठ्या बोटींना आमचे पाणी उथळ पडू लागले, म्हणून खाडीपलीकडे नवे बंदर बांधले गेले. माल उचलणाऱ्या याऱ्या थांबल्या, वखारींना कुलपे लागली. माझा टोप एका कोपऱ्यात, नळी दुसऱ्या कोपऱ्यात आणि मी खिडकीखाली. कोणीतरी माझ्यात रंगाचे ब्रश भिजवले. नंतर कबुतरांनी संसार थाटला. कप्तानांची थाप खाल्लेल्या पोटावर कबुतरांची शीट पडू लागली, तेव्हा मला खरेच रडू आले. पण तांबे रडत नाही, फक्त काळे पडते.

असा मी पुरता काळा पडलो असताना एके दिवशी वखारीचे कुलूप उघडले.

आत दोघी आल्या, सासू आणि सून. सूनबाईंनी सव्वीस वर्षे जकात कचेरीत नोकरी केली होती. परदेशातून येणाऱ्या दारूच्या पिंपांची बुचे तपासायची, कुठे गळते का ते पाहायचे, हे त्यांचे काम. दुसऱ्यांचा माल तपासून तपासून त्यांच्या मनाने घेतले होते की आपलाही काही माल असावा. नोकरी सोडून त्यांनी जिन करायची ठरवली. बंदर खात्याने वखार दिली, पण एका अटीवर: वर्षाच्या आत परवाना मिळवून काम सुरू झाले नाही, तर वखार परत.

सासूबाईंनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता आणि चाखणारही नव्हत्या. पण तरुणपणापासून तीस वर्षे त्यांनी शेजारच्याच मसाल्याच्या वखारीत धणे, वेलची, दालचिनी निवडली होती. माल कुठून आला, किती जुना, वाटेत भिजला का, हे त्या डोळे मिटून वासावरून सांगत. सूनबाईंचे यजमान बोटीवर इंजिनाचे काम पाहायचे. वर्षातले आठ महिने ते पाण्यावर, म्हणून घरात या दोघीच. भांडत भांडत एकमेकींना सांभाळणाऱ्या.

सूनबाईंनी कबुतरे हाकलली, मला राखेने, चिंचेने घासघास घासले. माझा टोप आणि नळी शोधून काढली. तीस वर्षांनी मी आरशासारखा चकाकलो. सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, हा तर नवरदेव दिसायला लागला!" मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

आणि इथेच घोडे पेंड खायला लागले.

सूनबाई टोप बसवायला गेल्या. गळ्यातली रुंद खाच त्यांना दिसली, पण त्या पडल्या बुचे तपासणाऱ्या. झाकण म्हटले की रबर, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. त्यांनी यजमानांना फोन केला. यजमानांनी बोटीच्या इंजिनाला लावतात तसले काळे, जाडजूड रबर मोठ्या हौसेने पाठवून दिले. "तेलात बुडवा, आगीजवळ ठेवा, गळलं तर नाव बदलेन," असा निरोपही सोबत होता. रबर माझ्या गळ्यात बसले. कॉलर घातल्यासारखे वाटत होते.

पहिला घाणा लागला. मद्यार्कात ज्युनिपरची निळसर फळे, धणे, संत्र्याची साल. नळीतून थेंब पडू लागले. सूनबाईंनी वाटीत धरले आणि सासूबाईंच्या नाकाखाली नेले.

सासूबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. "चप्पल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ओल्या चपलेचा वास येतोय. पावसातून येऊन कोणीतरी दारात काढलेली."

सूनबाईंनी साल बदलली. दुसरा घाणा. "चप्पल." पाणी बदलले. तिसरा घाणा. "चप्पलच. थोडी वाळलीय, एवढंच." सूनबाईंनी ज्युनिपर बदलले, धणे बदलले, मला पुन्हा वाळूने घासले. माझी कातडी सोलून निघाली, पण चप्पल काही दारातून हलेना.

"आई, तुम्ही थेंबभर चाखत नाही आणि नावं मात्र ठेवता!" एके दुपारी सूनबाईंचा तोल गेला.

"चाखायला कशाला हवं? या नाकावर तुझ्या नवऱ्याला वाढवलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुलाही येतोय वास. उगाच मला बोलू नकोस."

सूनबाईंनी वाटी स्वतःच्या नाकाशी नेली. त्यांनाही वास येतच होता. पण रबराकडे दोघींपैकी एकीचेही बोट जाईना. एकीच्या नवऱ्याने पाठवलेले, दुसरीच्या लेकाने. त्यात खोट असेल असे मनातसुद्धा कसे यावे?

मित्रांनो, त्या दिवसांत मला काय वाटत होते ते कसे सांगू? मला कारण माहीत होते. गरम मद्याची वाफ त्या रबराला भिडत होती आणि त्याचा वास घेऊन नळीत उतरत होती. चाळीस वर्षे ज्याच्या गळ्यात कणीक होती, त्याला हे कळणार नाही? पण मला तोंड असून वाचा नाही. मी नुसता पोटातल्या पोटात उकळत राहिलो.

वर्ष संपायला दहा दिवस उरले. परवान्याचे साहेब शेवटच्या दिवशी तपासणीला येणार होते. मग सूनबाई ते बोलल्या, ज्याची मला भीती होती.

"भांडंच म्हातारं झालंय. आता स्टीलचं भाड्यानं आणते."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने माझ्या पोटावर थाप मारली. ती कप्तानांची थाप नव्हती. मी वितळल्यावर किती भरेन, याचा अंदाज घेणारी ती थाप होती. त्याने माझ्या गळ्यातले रबर ओढून काढले, मला साखळी बांधली आणि काट्याला उलटा टांगला.

उलटा लटकताना माझ्या गळ्याच्या आतल्या काठाखालून, जिथे वाळू पोचली नव्हती, चिंच पोचली नव्हती, तिथून एक पिवळट खडा निसटला आणि फरशीवर टक्कन पडला.

भंगारवाल्याचे लक्षही गेले नाही. सासूबाईंचे गेले. त्यांनी वाकून खडा उचलला, बोटांत चुरडला, नाकाशी नेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कणीक आहे ही."

"उंदरानं आणली असेल, आजी," भंगारवाला हसत म्हणाला.

"उंदीर कणीक मळतो का रे?" सासूबाईंनी माझ्या खाचेच्या आत बोट घातले आणि गोल फिरवले. आणखी चुरा पडला. "बघ, सगळीकडून लावलेली आहे." त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, अर्कवाल्याची बायको! रोज सकाळी ताटलीत कणकेचा गोळा घेऊन आमच्या वखारीवरून जायची. आम्ही पोरी खिदळायचो, की हिचा नवरा कच्ची कणीक खातो. तो खात नव्हता गं, तो याला लावत होता!"

सूनबाईंनी फरशीवरचे रबर उचलले. हातात धरून जरा चोळले आणि नाकाला लावले. त्यांचा चेहरा असा झाला, की भंगारवालासुद्धा एक पाऊल मागे सरला.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "चप्पल ही आहे."

"माझ्या लेकाची!" सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी आले. भंगारवाल्याने निमूटपणे मला काट्यावरून उतरवले. माणसे सुटकेचा निःश्वास टाकताना जीव भांड्यात पडला म्हणतात. मी तर स्वतःच भांडे. माझा जीव जिथे होता तिथेच पुन्हा आला, एवढे मात्र खरे.

नऊ दिवस सासूबाई रोज कणीक मळत होत्या. पहिल्या दिवशी ती सैल झाली आणि ओघळली. दुसऱ्या दिवशी कडक झाली आणि तडकली. चौथ्या दिवशी जमली. पण जिनची वाटी पुढे आली की सासूबाई मान फिरवत. "नवा वास जुन्या वासावर बसत नाही. नळीतला जुना वास पुरता जाऊ दे. शेवटच्या दिवशीच सांगेन."

शेवटच्या दिवशी साहेब आले. कोणे एके काळी सूनबाईंच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे दुप्पट कडक. माझा गळा पाहून ते जागीच थबकले.

"बाई, तुम्ही? आणि हे कणकेचं? आम्हाला बुचावरच्या केसाएवढ्या फटीसाठी झापायचात!"

"तपासा की," सूनबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पदराचे टोक बोटांभोवती तीनदा गुंडाळले गेले होते. "आरसा धरून बघा. मीच शिकवलंय तुम्हाला."

खाली आच होती, पोटात वाफ चढली होती. साहेबांनी खिशातून छोटा, गार आरसा काढला आणि माझ्या गळ्याशी धरला. वाफ सुटत असेल, तर काच धुरकट होते. मग परवाना नाही, वखार नाही आणि माझ्यासाठी पुन्हा तो काटा. ते आरसा बोटा-बोटाने पुढे सरकवत होते. अर्धे वर्तुळ झाले. पाऊण झाले. मी सगळा जोर लावून स्वतःला घट्ट धरले. भांड्याला असे धरता येत नाही हे मला माहीत आहे, पण मी धरले.

साहेबांनी पूर्ण फेरा मारला आणि आरसा उजेडात धरला. त्यात त्यांना स्वतःची मिशी स्वच्छ दिसली.

"कोरडा," ते म्हणाले. कागदावर सही करताना ते हळूच विचारू लागले, "ही कणीक किती मळायची हो?"

सूनबाई मटकन स्टुलावर बसल्या. वर्षभरात मी त्यांना बसलेले पाहिले नव्हते. मग त्यांनी नळीखालची वाटी सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी एक थेंब तळव्यावर घेतला, चोळला, डोळे मिटले. वखारीत माझ्या नळीचा टपटप आवाज तेवढा येत होता.

"धणे," त्या म्हणाल्या. "नवे. साल संत्र्याची, उन्हात वाळवलेली. ते निळं फळ, डोंगरावरचं." मग त्यांनी डोळे उघडले. "आणि चपला बाहेर गेल्या गं."

आता रोज सकाळी मला कणकेचा पट्टा मिळतो आणि रोज संध्याकाळी मी धुऊन, पुसून पालथा होतो. आणखी काही मागायचे माझे वय नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे, मित्रांनो. घरातली जुनी वस्तू बिघडली असे वाटले, तर तिला टाकण्याआधी एकदा उलटी करून पाहा. आपण तिच्या गळ्यात भलतेच काही अडकवले नाही ना, तेवढे बघा. तिला सांगता येत नाही.

सासूबाईंचे हात हल्ली थरथरतात. पट्टा कधी कधी वाकडा बसतो. सूनबाईंना तो दिसतो, त्यांची नजर तर केसाएवढी फट शोधणारी. पण त्या तो सरळ करत नाहीत. सासूबाई बाहेर गेल्या, की आच लावतात, वाफ चढली की आरसा काढून माझ्या गळ्याभोवती एकदा फिरवतात आणि उजेडात पाहतात. आरसा अजून एकदाही धुरकटलेला नाही.