तळाच्या फिक्या लाद्या

आमची इमारत आधी शेजारच्या इमारतींसारखीच होती, सरळसोट पेटी. मालक सिन्योर पेलिसेरांनी ती पाडली नाही, आतूनबाहेरून बदलायला घेतली. आता जिना पाठीच्या कण्यासारखा वळत वर जातो, छपरावर माशाचे खवले आहेत, आणि सज्जे बघून बाजारातल्या बायका म्हणतात, "सिंता, तुमच्या घराला दात फुटले की गं." म्हणू देत. अख्ख्या बार्सिलोनात असं घर नाही.

आई इथलं दार सांभाळते. आमची खोली अगदी तळाला, खिडकी मधल्या चौकात उघडते. तिथे बसून आई हातमोजे शिवते. चौक म्हणजे विहीरच, उजेड खाली पोचायचाच नाही. यंदा तर तिला सुईत दोरा ओवता येईना. शिवण सुटली तर नुसत्या दारावर आमचं भागत नाही.

म्हणून चौकाच्या भिंतींना लाद्या लागताना मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. वर मालकांकडे गर्द निळ्या. खाली येता येता फिक्या, आमच्या खिडकीपाशी तर जवळजवळ पांढऱ्या. माझं डोकंच फिरलं.

"आमच्यापर्यंत येईस्तोवर रंग संपला वाटतं?"

किर्झे मिस्त्री हसला. "शाळा सोडलीस, आता मला शिकव."

"शिकवतेच. आम्हालाही निळ्याच पाहिजेत."

"आर्किटेक्टसाहेबांनी सांगितलंय..."

"साहेब राहतात का इथे?"

तो वैतागला. आमच्या खिडकीच्या दोन्ही अंगांना गर्द निळ्या लाद्या थापून म्हणाला, "घे. चुना ओला आहे तोवर काय ते बोल."

दुपारी गड्यांनी चौकावरचं ताडपत्रीचं छत काढलं. ऊन आत उतरलं आणि मी मान वर केली. वरपासून खालपर्यंत एकच निळाई, समुद्राच्या पोटात उभं राहिल्यासारखी. फक्त आमच्या खिडकीभोवती दोन काळे डाग.

आई सुई घेऊन बाहेर आली. "इथेच अंधार कोणी केला गं?"

मी मिस्त्रीकडे बघितलं. तो शीळ घालत होता.

"गर्द रंग उजेड गिळतो," तो म्हणाला. "वर रग्गड आहे, गिळू दे. तुम्हाला तो खालपर्यंत पुरायला हवा. खिडकीही तुमचीच सगळ्यात मोठी, तेवढं नाही दिसलं?"

मी त्याच्या हातातली थापी घेतली आणि निळ्या लाद्या स्वतःच उचकटल्या. तो फिक्या पुढे करत गेला.

आईने खुर्ची खिडकीशी ओढली. दोरा दुसऱ्या खेपेला ओवला गेला. मी बघत उभी.

"सिंता," ती मान वर न करता म्हणाली, "बाजूला हो, सावली पडतेय."