शुद्ध बोलत जा

२०२१चा मार्च. आयर्लंडमधल्या डंडॉक शहरातल्या घरात आलोकची आई गप्प झाली होती आणि ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शकुंतलाबाई वर्ध्याजवळच्या देवळीच्या. तीन महिन्यांसाठी आल्या आणि कोरोनामुळे वर्षभर अडकल्या. नातीच्या, ईशाच्या ऑनलाइन मराठी वर्गात त्यांनी एकदा गोष्ट सांगायला घेतली. "एक पोट्टी व्हती, तिले..." एवढ्यावरच पडद्यावरची पुण्या-मुंबईकडची मुलं फिदीफिदी हसली. आलोकने झटकन माइक बंद केला. नंतर त्याने आईला समजावलं की ईशा शिकते आहे, तिच्यासमोर शुद्ध बोलत जा. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेल्यावर त्याने स्वतःचं बोलणंही असंच घासूनपुसून घेतलं होतं.

शेजारी सॅम्युएल लेअर्ड राहत, निवृत्त शिक्षक, मूळचे आयर्लंडच्याच उत्तर टोकाकडच्या डोनेगलचे. एका दुपारी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "तुझी आई परसात फोनवर मोठमोठ्याने बोलायची. हल्ली ऐकू येत नाही. बरी आहे ना?"

आलोकने हसत कारण सांगितलं. तिची भाषा जरा गावठी आहे, म्हणून नातीसमोर शुद्ध बोलायला सांगितलंय, एवढंच.

लेअर्ड हसले नाहीत. त्यांच्या घरची भाषा स्कॉट्स, ते सांगू लागले. एके काळी स्कॉटलंडचा दरबार तिच्यात बोलायचा, कायदे तिच्यात लिहिले जायचे. चारशे वर्षांपूर्वी तिथला राजा इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला, त्याच्यामागून प्रतिष्ठाही गेली आणि तीच भाषा हळूहळू बिघडलेली इंग्रजी ठरली. पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या उत्तरेला आणली. अबर्डीनकडे ती एका तऱ्हेने बोलतात, शेटलंड बेटांवर दुसऱ्या, डोनेगलच्या शेतांवर तिसऱ्या.

"शाळेत तिच्यापायी मी छड्या खाल्ल्या," ते म्हणाले. "मग स्वतः मास्तर झालो आणि माझ्याच मुलीला ती बोलू दिली नाही. तिच्या भल्यासाठी. जानेवारीत माझा भाऊ गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी, त्यात त्याची मुलं-नातवंडंच झाली. मी पडद्यावर पाहिलं. आता माझ्याशी तसं बोलणारं कुणी नाही. मुलगी फोन करते. फार छान इंग्रजी बोलते."

आलोक घरात आला. शकुंतलाबाई भाजी निवडत होत्या. तो शेजारी बसला आणि कित्येक वर्षांनी देवळीच्या बोलीत म्हणाला, "माय, माह्यं चुकलं. तू आपल्यासारखी बोलत जाय."

त्यांनी वर पाहिलं नाही. भाजी निवडता निवडताच म्हणाल्या, "आता नाही जमत, बाळा. तोंड उघडलं की तुला आवडेल का, हेच आधी मनात येतं."

त्या दोन वाक्यांत देवळीचा एकही शब्द नव्हता!

त्या दिवसापासून आलोक घरात वऱ्हाडी बोलतो, ईशाशीसुद्धा. आईकडून उत्तर येतं ते अजून शुद्धच.

वाचकहो, बोली बहुतेक वेळा घरातच मरते, आणि तिला मारणारे आपलं भलं चिंतणारेच असतात. आपल्या माणसाचं बोलणं सुधारायला निघण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: एकदा गेलेलं बोलणं माफी मागून परत येईलच, असं नाही.