अयानोची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण पावसाची नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर तुम्ही माझ्याकडून भलत्याच अपेक्षा कराल. मी मोटारींच्या शर्यतीतली छत्री. माझा जन्म जपानचा. अंगावर लाल-पांढरे पट्टे आणि एका टायर कंपनीचे ठसठशीत नाव.

मला धरायची अयानो. ती रेस क्वीन होती. शर्यतीआधी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, की संघाच्या झगमगीत पोशाखातल्या या मुली चालकांवर छत्री धरतात. चालक उघड्या गाडीत बसलेला, म्हणून मला त्याच्याकडे कलती धरायचे, असा नियमच होता. सावली त्याला, ऊन तिला. मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसांची झुंबड उडायची. कुणी तिचे छायाचित्र छापलेले मासिक सहीसाठी पुढे करायचे. मला तेव्हा कोण अभिमान वाटायचा! खोलीवर परतल्यावर मात्र ती उंच टाचांचे बूट काढून, सुजलेले पाय बादलीत बुडवून बसे. पुढच्या मोसमात आपल्याला घेतील का, ही धास्ती दर हिवाळ्यात असायचीच. एका हिवाळ्यात घेतले नाही. पोशाख परत करावा लागला. मला तिने मागून घेतले.

पुढे त्याच टायर कंपनीत कामाला आलेल्या पुष्करशी तिचे लग्न झाले. हा नाशिकचा इंजिनियर तिला घेऊन जर्मनीत, बॉबलिंगेनला आला आणि मी त्यांच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कपाटामागे पडले. अंगावर बुरशी चढली. कुणी ढुंकूनही पाहत नसे, याचे फार वाईट वाटे.

या उन्हाळ्यात पुष्करची आई, सुरेखाबाई, आल्या. त्यांनी बाल्कनीत पापड वाळत घातले. राखण करताना डोक्यावर सावली हवी, म्हणून केलर धुंडाळून त्यांनी मला वर आणले.

"कुणाची गं ही? चांगली भक्कम आहे," त्यांनी अयानोला विचारले.

अयानोचा चेहरा उजळला. या घरात तिला हे कुणी कधी विचारलेच नव्हते. "आई, माझी आहे. मी शर्यतीत..."

"कंपनीत फुकट वाटली होती," पुष्कर घाईघाईने म्हणाला. "उद्या श्पेरम्युल आहे ना, कपाटाबरोबर हीपण काढून टाकू."

लग्न ठरताना त्याने घरी सांगितले होते, की मुलगी कंपनीच्या ऑफिसात असते. अयानो पापड उलटत राहिली.

श्पेरम्युल म्हणजे मोडके सामान फुटपाथवर ठेवायचा दिवस. सकाळी तिनेच मला कपाटाला टेकवून ठेवले. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि शाळेला निघालेली तिची लेक अन्वी जर्मनमध्ये कुरकुरू लागली. अयानोने मला उघडले. तिचा हात आपोआप तसाच कलला. बसथांब्यापर्यंत लेक कोरडी राहिली. आईचा खांदा भिजत गेला.

"सगळी माझ्याच बाजूला का धरतेस?" अन्वीने विचारले.

"सवय आहे."

"कसली सवय?"

अयानोने वर माझ्याकडे पाहिले. "काही नाही," ती म्हणाली.

परत येऊन तिने माझे पाणी झटकले, घड्या नीट बसवल्या, पट्टा बांधला आणि मला पुन्हा कपाटाशी ठेवले. आता कोपऱ्यावर सामान उचलणारी गाडी दिसते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार होते. पण वस्तूंचे जाऊ द्या. तुमच्या आईला एकदा विचारा, की आमच्या आधी तू कोण होतीस. आणि तिचे सांगून होईपर्यंत मध्ये कुणाला बोलू देऊ नका.