प्रत्येक फोल्डरला वेगळी खिडकी

मी संगणकातले फोल्डर उघडून देणारा बोलतोय. माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल. कचेरीतल्या शिपायाचं नाव तरी किती जणांना ठाऊक असतं? तुम्ही पिवळ्या चित्रावर टिचकी मारता, फोल्डर उघडतो, आतलं दिसतं. तो उघडतं कोण, हा प्रश्न कुणाला पडत नाही. तर तो मी.

माझा जन्म एका घरात झाला नाही. निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मला मिळून लिहिलं, आणि लिहिताना ती कडाकडा भांडली. फोल्डर एका टिचकीत उघडावा की दोन? पुढचा फोल्डर त्याच खिडकीत उघडावा, की प्रत्येकाला वेगळी खिडकी? एवढ्याशा गोष्टीवरून काहींनी बोलणं टाकलं. शेवटी कंटाळून त्यांनी माझ्या पोटात 'आवडीनिवडी' नावाची एक पाटी ठेवली. ज्याला जसं हवं तशी त्याने खूण करावी आणि गप्प बसावं. मला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

पुढे मी पासो दे लास गार्सास गावच्या दफनभूमीच्या कचेरीत आलो. एक टेबल, एक पंखा, एक ओल आलेली भिंत, आणि एल्सिरा बेतान्कोर. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या पाल्याचा कडू चहा भरलेला पोकळ भोपळा आणि तो ओढायची नळी. भोपळा खाली ठेवल्याशिवाय ती माउसला हात लावत नसे. टिचकी मात्र नेहमी दोनदा. जिथे एक पुरे तिथेही दोन. शेजारणीच्या दारावरची घंटासुद्धा बाई दोनदा दाबतात, असं कबरी खणणारा काचो सांगायचा, आणि एल्सिरा त्याला म्हणायची, "एकदा दाबून कोण बाहेर येतं रे?"

आवडीनिवडींत तिने खूण केली ती 'प्रत्येक फोल्डरला वेगळी खिडकी' यापुढे. म्हणजे कुठला फोल्डर पडद्यावर कुठे ठेवलाय, त्याची खिडकी कुठे उघडायची, केवढी उघडायची, हे सगळं मी लक्षात ठेवायचं. मी ठेवलं. तिने हळूहळू सगळी दफनभूमी पडद्यावर मांडली. फाटक खाली मधोमध, डाव्या कडेला शवपेट्या ठेवायच्या कोनाड्यांची भिंत, उजवीकडे मातीतल्या कबरी, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ. जो माणूस जिथे निजलेला, त्याचा फोल्डर तिथे.

नावं मात्र तिने घातली नाहीत. नव्या फोल्डरला मी तात्पुरतं नाव देतो, माणसाने ते बदलावं म्हणून. माणसं बदलतातही. 'महत्त्वाचं' ठेवतात, मग 'फार महत्त्वाचं', आणि शेवटी सगळं 'इतर'मध्ये कोंबतात. एल्सिराने काहीच बदललं नाही. नवीन फोल्डर, नवीन फोल्डर २, असं करत करत दोनशे बारा झाले. आतल्या कागदांची नावंही नुसते आकडे. काचोने एकदा टोकलं तर म्हणाली, कोण कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पाट्या कुणासाठी लावू?

आमच्याकडे कोनाडा जन्माचा नसतो, मरणाचाही नसतो. काही वर्षांनी तो उघडतात, अस्थी काढून लहान पेटीत ठेवतात आणि कोनाडा दुसऱ्याला देतात. त्या वेळी घरचं माणूस समोर उभं असावं लागतं. फाटकावर यादी लागते. महिनाभरात कुणी आलं नाही तर अस्थी सामाईक कुंडात जातात, आणि कुंडातून कुणाला परत निवडून काढता येत नाही. म्हणून परदेशी गेलेली माणसं आधीच पत्र पाठवतात, की थांबा, मी येतोय. ती पत्रं एल्सिरा स्कॅन करायची आणि माझ्याकडे द्यायची. ओल खाते म्हणून कागद जपणं तिने केव्हाच सोडलं होतं.

त्या नोव्हेंबरात एक पत्र आलं. तेल्मा फ्रोस नावाच्या बाईंचं, माद्रिदहून. माझा भाऊ देल्मिरो फ्रोस, डावी भिंत, कोनाडा तीनशे अठरा. मी इथे एका म्हातारीची देखभाल करते, एप्रिलशिवाय सुटी नाही. तोवर उघडू नका. आईने शिवलेली चादर माझ्याजवळ आहे, त्याला तिच्यात ठेवायचंय. एवढंच. एल्सिराने ते दोनदा वाचलं, नवा फोल्डर केला, डाव्या भिंतीशी नेऊन ठेवला.

डिसेंबरात ती निवृत्त झाली. तिच्या जागी पाणीखात्यातून माउरो पिरिस आला. चाळिशीचा, नीटनेटका, कामाचा माणूस. खुर्ची देताना एल्सिरा त्याला म्हणाली, "थांबायला सांगणारी पत्रं आत आहेत. काही हलवू नकोस, बाळा." आणि थर्मास उचलून गेली. बाकी सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. ती वीस वर्षं जे बघत होती तेच त्यालाही दिसणार, असं ती धरून चालली.

पहिल्याच सकाळी माउरोने सात-आठ फोल्डर उघडले आणि तेवढ्याच खिडक्या पडद्यावर पसरल्या. "हा काय बाजार मांडलाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग आवडीनिवडी उघडल्या. एका टिचकीत उघडणे. एकाच खिडकीत उघडणे. नावांप्रमाणे यादी. तीन खुणा, आणि 'ठीक आहे'. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याने काही हलवलंही नाही. त्याने फक्त मला सांगितलं, आणि मी दोनशे बारा जागा पुसल्या. मला काही झालं नाही. काही व्हायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा झालं नाही.

यादीत जुने फोल्डर आधी लागले. त्याने वरून पंधराएक उघडून पाहिले. सगळी जुनी पत्रं, येऊन गेलेली माणसं, मिटलेली कामं. पुढचेही तसलेच असणार असं समजून त्याने तो नाद सोडला. फेब्रुवारीत त्याने फाटकावर यादी लावली. तीनशे अठरा तिच्यात होता.

काचो म्हणाला, एल्सिराला एकदा विचारून ये, दोन गल्ल्यांवर तर राहते. माउरो म्हणाला, बाई आत्ता कुठे मोकळ्या झाल्यात, रोज उठून त्यांच्या दारात काय जायचं. खरं तर दोनदा एल्सिराच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तो परत आला होता. एवढंसं काम जमत नाही असं दिसेल, ही भीती. आणि एल्सिरा तिकडे घरात बसून, आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून रुसलेली. हेही काचोनेच दोघांना नंतर सांगितलं.

मार्चमध्ये नऊ कोनाडे उघडले. पाच जणांची माणसं आली. चौघांची आली नाहीत. ते चौघे कुंडात गेले. माउरोने वहीत नोंद केली आणि मला बंद करून जेवायला गेला.

एप्रिलच्या एका बुधवारी सकाळी तेल्मा फ्रोस आल्या. साठीच्या, ठेंगण्या, हातात प्रवासाची पिशवी. आधी भिंतीशी जाऊन आल्या होत्या. तीनशे अठरावर कुणा दुसऱ्याचं नाव होतं. कचेरीत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, माझ्या भावाला कुठल्या कोनाड्यात हलवलंत? मी पत्र पाठवलं होतं.

माउरोने वही पाहिली. वही मिटून तो माझ्याकडे वळला. पत्र सापडलं नाही तर चूक आपली नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. एकेक फोल्डर तो उघडत गेला. एकाच खिडकीत. पुढचा उघडला की आधीचा जायचा. तेल्माबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. पाऊण तास मी उघडत होतो, आणि पत्र कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मला विचारलं जात नाही. मला फक्त टिचकी मारतात.

दोनशे सातव्या फोल्डरात ते निघालं. माउरो जरा बाजूला सरकला. बाईंनी चष्मा लावला.

"माझंच अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "नीट लिहिलं होतं मी. वाचता येत नव्हतं का?"

"येतंय, बाई."

"मग?"

"मी उघडलं नव्हतं."

काचो जाऊन एल्सिराला घेऊन आला. ती खुर्चीत बसली, सवयीने दोनदा टिचकी मारली. पहिल्या टिचकीने फोल्डर उघडला, दुसरी भलत्याच कागदावर पडली आणि कुणा परक्याचं पत्र पडदाभर पसरलं. तिने ते बंद केलं. यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग आवडीनिवडींत जाऊन जुनी खूण पुन्हा केली. मी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या खिडक्या उघडल्या, पण सगळ्या एकाच जागी, एकीवर एक. जागा माझ्याकडे नव्हत्याच.

"डावी भिंत कुठे गेली?" तिने विचारलं.

"तुम्ही त्याचं नाव का नाही घातलंत?" तेल्माबाई एल्सिराला म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं," एल्सिरा म्हणाली. मला वाईट वाटलं असं मी म्हणेन, कारण दुसरा शब्द मला येत नाही. बधिर झालेल्या हाताला कुणी चिमटा काढावा, कळावं आणि दुखू नये, तसं ते होतं.

काचोने पिशवीतून डोकावणाऱ्या चादरीकडे पाहून भीत भीत विचारलं, कुंडाचं झाकण काढून देऊ का, वरून सोडता येईल. तेल्माबाईंनी चादर बाहेर काढली, मांडीवर पसरली आणि पुन्हा घडी घातली. घडी घालायला त्यांना फार वेळ लागला.

"आत किती जण आहेत?"

"मोजलेले नाहीत, बाई," काचो म्हणाला.

"मग ही कुणाला गुंडाळू?"

त्या चादर घेऊन माद्रिदला परत गेल्या.

त्यानंतर एल्सिरा दर गुरुवारी येऊ लागली. ती आठवायची, माउरो नावं घालायचा. सहा जणांची माणसं अजून यायची होती असं निघालं. त्या सहांसाठी कोनाडे तसेच ठेवले. खिडकी एक की वेगळ्या, यावरून दोघांत पुन्हा शब्द झाला नाही. तुझ्या सोयीने ठेव, असं ती म्हणाली, आणि त्याने तिच्या पद्धतीने ठेवलं.

आता कचेरीत नवं यंत्र आलंय. नावं घातलेले सगळे फोल्डर तिकडे गेले. हे जुनं यंत्र मागच्या खोलीत, फावड्यांशेजारी आहे, आणि त्याच्यात मी. मिटलेल्या कामांचे फोल्डर त्यांनी नेले नाहीत, दोनशे सातवाही नाही. त्याला नाव कुणी घातलं नाही. दोघांनीही प्रत्येक वेळी तो ओलांडून पुढचा घेतला.

तुमच्यापैकी कुणी कधी या खोलीत आलात, यंत्र चालू झालंच, तर टिचकी एकदा मारा, दोनदा मारा, त्याच खिडकीत उघडा नाहीतर वेगळ्या, मला सगळं सारखं. मी उघडेन. आत नीट अक्षरातलं एक पत्र आहे. तेवढं वाचा.